कांद्याच्या सालींचा रंग

आमच्या घरात अंडे येत नाही. त्यामुळे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी परसात चूल मांडून अंडी रंगवत होते, हे सांगितले तर कॉलेजातल्या मैत्रिणींचाही विश्वास बसत नाही.

निमित्त शेजारच्या मावशींचे. मावशी मूळच्या गोव्याच्या. ईस्टरला तिकडे मार्झिपानची गोड अंडी घरोघर दिसतात. पण मावशींकडे लाल अंडी व्हायची, कारण त्यांचे यजमान बोटीवर होते आणि ही विद्या ते ग्रीक सोबत्यांकडून शिकून आले होते. ग्रीसमध्ये पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात. लाल म्हणजे येशूचे रक्त. मग ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडे आपटायचे. ज्याचे फुटत नाही त्याचे वर्ष चांगले. काका हे सगळे हौसेने करीत आणि एक अंडे कुंपणावरून माझ्या मुलीच्या हातात येई.

काका गेल्या दिवाळीत गेले. मार्चमध्ये मावशींनी एक फुगलेली पिशवी आणून दिली. "सवयीनं साठवल्या गो साली. तुझ्या गुलाबांना घाल." मुलीने पिशवी उघडून पाहिली आणि ती गुलाबांपाशी जाऊच दिली नाही.

काकांना दरवर्षी पाहिले होते, पण पाहणे वेगळे आणि करणे वेगळे. स्वयंपाकघरातले भांडे अंड्यांना कसे घ्यायचे? म्हणून माळ्यावरची लोखंडी कढई काढली, आणि तिथेच फसले. रंग लाल न होता काळपट झाला. आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना फोन केला तेव्हा कळले, की सालीतला रंग लोखंडाशी जुळला की काळवंडतोच. त्यात मी व्हिनेगर ओतलेले. व्हिनेगर हवेच, कारण ते कवचाला किंचित खाते आणि मग रंग धरतो. पण भांडे स्टीलचे हवे. पहिली सहा अंडी वाया गेली. (मी इतिहास शिकवते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंडी रंगवून-सजवून घ्यायला १८ पेन्स खर्च लिहिला आहे, हे मला पाठ. कढई कोणती, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.)

सासूबाई मागच्या पायरीवर बसून सगळे पाहत होत्या. त्यांच्या लहानपणी रंगपंचमीला पळसाची फुले उकळून रंग करीत, तेव्हा रंगाचे त्यांना कळते. काही न बोलता त्या आत गेल्या आणि स्टीलचे पातेले घेऊन आल्या. "हे घे. आणि मग परत आत आणू नकोस, तिकडेच देऊन टाक."

पुढचे सोपे झाले. पंधराएक कांद्यांच्या सुक्या साली, लिटरभर पाणी, अर्धा तास मंद आच. गाळून गार करायचे, दोन-तीन चमचे व्हिनेगर घालायचे, मग अंडी सोडून पंधरा मिनिटे हळू उकळायची. पाणी खळखळले तर अंडी तडकतात. आमचे एक तडकलेच. अंडी पांढरीच घ्या, गावठी तांबूस कवचावर रंग मळका दिसतो. कोरडी झाल्यावर तेलाचे बोट फिरवले की चकाकतात. मुलीने दोन अंड्यांना कोथिंबिरीचे पान चिकटवून वरून जुन्या मोज्याचा तुकडा घट्ट बांधला होता. सोडले तर विटकरी रंगात पानाचा फिकट ठसा. जांभळ्या कोबीने म्हणे निळा रंग येतो, पण त्या दिवशी दुसरे काही करायचेच नव्हते.

रविवारी मिसाहून परतल्यावर मावशींच्या हातात पातेले दिले. झाकण काढून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हात कापत होते, म्हणून मी पातेल्याला खालून आधार दिला. मग त्यांनीच एक अंडे उचलले आणि मुलीला म्हणाल्या, "आपट बघू."

आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माळ न थांबवता त्यांनी विचारले, "कुणाचं फुटलं?"