‘विंडोज उडालंय’ म्हणे!

संगणक सुरू होईना की नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीत तीन निकाल तयार असतात. ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल’ हा पहिला. ‘जुना झाला, आता नवीनच घ्या’ हा दुसरा. तिसरा जरा खालच्या आवाजात येतो: ‘डोंगरातली माणसं, त्यांना मशीन वापरायचं कुठं कळतंय!’ तिन्ही निकाल संगणकाचा डबा न उघडता दिलेले असतात. समाचार तिन्हींचा घ्यायचा आहे, पण पहिल्याचा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

फॉरमॅटवाल्यांची बाजू आधी नीट ऐकू. गिऱ्हाईक दारात उभं असतं, कारण शोधत बसायला सवड नसते. नव्यानं विंडोज टाकलं की तास-दीड तासात मशीन चालू होतं, आणि पुष्कळदा खरोखरच होतं. व्हायरसनं पोखरलेल्या मशीनला तर दुसरा उतारा नाही. हे सगळं मान्य. प्रश्न एवढाच की त्या तास-दीड तासाची किंमत कोण मोजतं?

सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्राच्या संगणकात लोकांचे कागद कुठं असतात, ते आठवा. डेस्कटॉपवर. जातीच्या दाखल्यासाठी स्कॅन केलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वनहक्क दाव्याचा नकाशा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलांचे फोटो, सगळं तिथंच. आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. फॉरमॅट मारला की आधी तोच साफ होतो. केंद्र तासाभरात सुरू होतं, पण पाड्यावरच्या माणसाला तेच कागद घेऊन पुन्हा जीप धरावी लागते आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. मूळ कागदच तालुक्याच्या कचेरीत जमा असेल तर देवगोई घाट उतरून अक्कलकुवा गाठावं लागतं. दुरुस्तीच्या बिलात हे पैसे दिसत नाहीत, म्हणून फॉरमॅट स्वस्त वाटतो.

बरं, निदान तरी बरोबर असतं का? बटण दाबल्यावर काय होतं ते बघा. आधी डब्यातला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, आपलं व्होल्टेज जागेवर आल्याचा इशारा मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर जागा होतो, बायोस रॅम तपासतो, डिस्क शोधतो आणि सगळं ठीक असेल तरच विंडोजला हाक मारतो. विंडोजची पाळी शेवटची. पंखा फिरून लगेच थांबत असेल, पडदा काळा राहून नुसतीच बीप वाजत असेल, तर विंडोज अजून मंचावर आलेलंच नाही. त्याला दोष देणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

मोलगीसारख्या गावात हमखास भेटणारा एक बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक बटण सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. मशीन भिंतीच्या विजेला जोडलेलं असेल तेव्हा घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेलवर ताण येत नाही. जिथं लाइट तासन्‌तास जाते, जिथं विजा चमकायला लागल्या की शहाणा माणूस पिना काढून ठेवतो, तिथं सेल लवकर मरणारच. मेला की मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एफ वन दाबा’ म्हणतं आणि तारीख थेट काही वर्षं मागं जाते. एफ वन दाबलं तर विंडोज उघडतंही, पण सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या मशीनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं सांगून अडून बसतो. आता या मशीनला कितीही वेळा फॉरमॅट मारा, सेल बदलेपर्यंत उद्या सकाळी तोच तमाशा! सेलची किंमत मात्र किरकोळ, घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

रॅमचंही तसंच. सातपुड्यातल्या पावसाळ्यात दमट हवेनं तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. वीज पूर्ण काढून, रॅम उतरवून त्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या की कित्येक ‘मेलेली’ मशीनं उठून बसतात. व्होल्टेज डीम असेल तर एसएमपीएस मदरबोर्डला तो सुरुवातीचा इशाराच देत नाही. संध्याकाळी बंद पडणारं मशीन पहाटे मुकाट सुरू होतं, ते यामुळे. यावर इलाज स्टॅबिलायझर आणि धड यूपीएस, विंडोज नव्हे.

आणि बिघाड खरंच विंडोजमध्ये असला तरी? अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोज अर्धवट राहतं, हे खरं. पण लागोपाठ सुरू होणं फसलं की ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढं करतं. शेवटचं अपडेट काढता येतं, सेफ मोडमध्ये जाता येतं. तेही नाही जमलं तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून फायली आधी बाहेर काढता येतात. डिस्क टकटक आवाज करत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता हेच आधी करावं, कारण अशी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो.

आता तिसरा निकाल, डोंगरातल्या माणसांचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळ, बँका, इस्पितळं ठप्प झाली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. तिथं बसलेली माणसं काही डोंगरातून आलेली नव्हती. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची, आणि हजारो ठिकाणी माणसानं प्रत्येक मशीनपाशी जाऊन. कारण कळलं होतं, म्हणून फॉरमॅटची वेळ आली नाही.

दुसऱ्या निकालात मात्र थोडं तथ्य आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बरीच जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याला बहुधा विंडोजच लागतं, तेव्हा ‘लिनक्स टाका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला सेवा केंद्राला देता येत नाही. शाळेच्या संगणक कक्षाला देता येतो. पण मशीन नवं घेतलं म्हणून मोलगीची वीज नवी होत नाही. पाऊस तोच, लाइट तीच. शिवाय नव्या लॅपटॉपांत डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि बिघाडानंतर ४८ आकडी किल्ली मागते. ती कुठं लिहून ठेवली आहे, हे मालकाला ठाऊक नसलं तर फायली कायमच्या गेल्या.

मग काय हवं? मशीन नंदुरबारला धाडण्याआधी गावातच निदान करणारा माणूस. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल निघालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं गावोगावच्या मुलांना संगणक चालवायला शिकवलं. मोठंच काम झालं ते, पण डबा उघडायला त्यांना कुणी शिकवलं नाही. केरळनं २०१८ मध्ये सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांत ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थी मंडळं काढली; तिथल्या पोरांना हार्डवेअरही शिकवतात. आपल्या आश्रमशाळांत हे का होऊ नये? एक निकामी संगणक, एक पेचकस, एक खोडरबर आणि मूठभर बटण सेल एवढ्यावर सुरुवात होते. पाण्याच्या पंपाचं इंजिन खोलून पुन्हा जोडणारी पोरं या भागात आहेतच, त्यांना एसएमपीएस जड जाईल असं मानायला काही आधार नाही.

तोवर केंद्रचालकांना आणि मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं आहे: दुरुस्तीच्या पावतीवर बिघाडाचं कारण लिहून मागा. ‘विंडोज टाकले’ असं लिहिलेलं असेल तर ते केलेलं काम झालं, कारण नाही. कारण लिहिता येत नसेल, तर पैसे देण्याआधी डबा उघडून दाखवायला सांगा.