गोष्टीतले गणित पोरकट नव्हे

मा. संपादक,

विनोदी गोष्टींतून गणित शिकवणे ही परदेशी टूम आहे आणि तिने आपली पाढ्यांची परंपरा बुडवली, असे गेल्या अंकातील लेख म्हणतो. परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 ची. तिच्यात भुंग्यांचा एक पंचमांश थवा कदंबावर जातो, एक तृतीयांश दुसऱ्या फुलावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर; उरलेला एकटा भुंगा केतकी की मालती, या पेचात घिरट्या घालत राहतो. भुंगे पंधरा. यात परदेशी काय आहे?

मुले हसतात आणि हिशेब विसरतात, हा दुसरा आक्षेप. सतरा उंटांची गोष्ट घ्या. ते तिघा भावांत वाटायचे: निम्मे थोरल्याला, एक तृतीयांश मधल्याला, एक नवमांश धाकट्याला. एक उंट उसना आणला की नऊ, सहा, दोन अशी वाटणी होते आणि उसना उंट परत जातो. मुले हसतात ती इथेच, आणि ‘उंट उरला कसा?’ हेही इथेच विचारतात. तिन्ही हिश्शांची बेरीज सतरा अठरांशच भरते, हे सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. अपूर्णांकांची बेरीज करण्याची याहून मोठी निकड पाठ्यपुस्तकात मला तरी आढळली नाही.

गोष्टीने पाढे पाठ होत नाहीत, एवढे मान्य. पण होतात असे म्हणतो कोण?

पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी एखाद्या पाचवीच्या वर्गात हे उंट वाटून पाहावेत, ही विनंती.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, चाळीसगाव