लाज कसली? आजारपणच ते!



आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला नेमाने येणारे एक काका गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमा उलटली तरी दिसेनात. म्हणून आम्ही घरी गेलो. मलाशयात गाठ निघाली होती. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. जखम भरली होती, पण दिवसातून बारा-पंधरा वेळा शौचाला जावे लागे. चाळीतला संडास सामाईक, बाहेर कायम रांग. धास्तीने काकांनी जेवणच तोडले होते. "वाचन चालू असताना उठावे लागले तर लोक काय म्हणतील?" एवढेच ते बोलले. काकू पदराने डोळे टिपत होत्या.

असे का होते, ते आधी समजून घेऊ. मलाशय म्हणजे मळ साठवणारी थैली. ऑपरेशनमध्ये ती काढली किंवा लहान केली की साठवायला जागा उरत नाही. म्हणून थोडे थोडे, लागोपाठ होते आणि घाईही होते. किरणोपचार झाले असतील तर त्रास जास्त. यात रोग्याचा काहीच दोष नाही. बहुतेकांना वर्षभरात हळूहळू आराम पडतो, काहींना दोन वर्षे लागतात. थोडाफार त्रास मागे राहिला तरी तो सांभाळता येतो.

उपाशी मात्र राहू नये. त्याने अशक्तपणा तेवढा वाढतो. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. मऊ भात, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे सहसा सोसते. तिखट, तळलेले, कडक चहा कमी करावा. पाणी तोडू नये. काय खाल्ले आणि किती वेळा जावे लागले, हे वहीत लिहावे. आपल्याला काय बाधते ते आठ-पंधरा दिवसांत कळते. इसबगोल किंवा शौच आवरण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आवळून धरण्याचा व्यायामही त्यांच्याकडून शिकून घ्यावा. कुंथू नये. कोमट पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने टिपून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे, म्हणजे कातडी सोलवटत नाही. रक्त पडले, ताप आला, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वाराही सरेना, तर तडक दवाखाना गाठावा.

एवढे झाले औषधपाण्याचे. पण काकांना घरात कोंडले होते ते लाजेने.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना बोलावून, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर करणार कोण, असे विचारले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, हेही सांगितले. ज्या घाणीला जग नाक मुरडते, तिला तथागतांचे हात लागले. मग आपण का लाजावे?

काकांना विचारून आम्ही शेजाऱ्यांशी बोललो. काका आले की रांगेने वाट द्यायची, प्रश्न विचारायचा नाही, एवढेच ठरले. रात्रीसाठी मुलाने कमोडची खुर्ची आणली. विहारात दाराजवळची जागा त्यांच्यासाठी राखली.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली, तेव्हा काका आले. पिशवीत जादा कपड्यांचा जोड होता. वाचन चालू असताना ते दोनदा उठून गेले आणि परत येऊन बसले. कोणी मान वळवून पाहिले नाही.

आपल्याही शेजारी असे कोणी घर धरून बसले असेल. जरा चौकशी करा. जयभीम!