बाद झालेली बस मागताय? आधी जागा आणि माणूस ठरवा

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे बसप्रवासी, गृहनिर्माण संस्था, गणेश मंडळं आणि शाळा यांना जाहीर आवाहन



बारा वर्षं रस्त्यावर धावलेली पीएमपीची बस ताफ्यातून बाद होते. आगाराच्या कोपऱ्यात उभी राहते, पुढे लिलाव होतो आणि पत्रा-लोखंड वजनावर जातं. इंजिन थकलेलं असतं, पण कित्येक गाड्यांचा सांगाडा, छत आणि खिडक्या शाबूत असतात. १२ मीटर लांब, अडीच मीटर रुंद. सीट काढून टाकल्या की आत जवळपास पावणेतीनशे चौरस फुटांची जागा मिळते. पुण्यात एवढ्या खोलीला काय भाडं पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यातल्या काही गाड्या भंगारात न घालता लोकांच्या उपयोगाला ठेवाव्यात आणि त्यासाठीची मागणी तुमच्या भागातून जावी, म्हणून हे आवाहन.

असं आधी झालेलं आहे, आणि पुण्यातही झालेलं आहे. २०१६ मध्ये उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी जुन्या बसमध्ये खास स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृह उभं केलं. स्वच्छ शौचालय, बेसिन, सॅनिटरी पॅड, बाळाचे कपडे बदलायला जागा आणि देखरेखीला एक बाई, अशी ती व्यवस्था होती. २०२० मध्ये बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकात कर्नाटकच्या एसटीने याच धर्तीवर एक बस उभी केली. विमानतळ कंपनीच्या सीएसआर निधीतून त्यावर सुमारे १२ लाख रुपये खर्च झाले. त्याच वर्षी केरळच्या एसटीने मुन्नार आगारात जुन्या बसमध्ये १६ जणांची झोपायची सोय केली, माणशी १०० रुपयांत. तिरुवनंतपुरमच्या मणक्काड इथल्या शाळेला २०२२ मध्ये लो-फ्लोअर बस वर्ग भरवायला मिळाल्या.

मग आपल्याकडे काय मागायचं? आमच्या मते पहिला हक्क शेवटच्या थांब्याचा आहे. शहराच्या कडेला जिथे फेरी संपते, तिथे बहुतेक ठिकाणी एक शेड आणि एक खांब असतो. ड्रायव्हर-कंडक्टर पुढच्या फेरीपर्यंत गाडीतच बसून राहतात. कंडक्टर ताईंना शौचालयासाठी समोरच्या हॉटेलवाल्याकडे विनंती करावी लागते, आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलींना उजेडात बसायला जागा नसते. ज्या बसने ही माणसं वाहिली, तिने आधी त्यांच्या कामाला यावं. त्यानंतर ज्या वस्तीत घरात अभ्यासाला कोपरा नाही तिथे अभ्यासिका, आणि बांधकामाच्या साइटजवळ मजुरांच्या मुलांचा वर्ग. डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बसमध्ये शाळा भरवून दाखवली आहे, तेव्हा हे अशक्य नाही.

काय मागू नये, हेही स्पष्ट सांगतो. फुटपाथवर कॅफे नको आणि चौकात सेल्फी पॉइंट नको. पायी चालणाऱ्याची जागा बळकावून केलेली सोय आम्हाला सोय वाटत नाही. आणि जी बस अजून नीट धावू शकते, तिला तर हात लावायचाच नाही. शहरात गाड्या आधीच कमी आहेत.

अर्ज करण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा.

पहिली, जागा. महापालिकेच्या शाळेचं मैदान, अ‍ॅमेनिटी स्पेस, बस टर्मिनलची कड अशी मालकी स्पष्ट असलेली जागा हवी. शौचालय करायचं असेल तर पाणी आणि ड्रेनेजची लाइन जवळ आहे का, ते आधी बघा. नसेल तर शौचालयाचा हट्ट सोडा, विश्रांतिकक्ष मागा.

दुसरी, तयारी. सीएनजीच्या टाक्या, बॅटऱ्या, इंधन आणि तेल पूर्ण काढूनच गाडी ताब्यात घ्यायची. रेक्झिन आणि फोम लगेच पेट घेतात, म्हणून तेही काढायचं. दोन्ही दारं उघडी राहिली पाहिजेत. टायर काढून गाडी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवली तर पावसाळ्यात खालून गंज कमी धरतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा भाजतो, तेव्हा वर दुसरं छप्पर किंवा झाडाची सावली लागणारच. व्हीलचेअर आत जायला हवी, हे विसरू नका: बसचा तळ जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच असेल, तर १:१२ उताराचा रॅम्प जवळपास ८ मीटर लांब होतो. जागा मोजताना तोही धरा.

तिसरी, माणूस. गाडी आणून उभी करणं सोपं आहे. उद्घाटनाला नारळ फोडायला दहाजण येतील. सहा महिन्यांनी ती झाडणार कोण, कुलूप उघडणार कोण, नळ गळाला तर प्लंबर बोलावणार कोण? या प्रश्नांची उत्तरं नावानिशी आणि पगाराच्या आकड्यासकट अर्जात लिहा. ती नसतील तर बस मागूच नका. लक्ष देणारं कोणी नसेल, तर बंद पडलेली बस आगारातून उचलून तुमच्या गल्लीत आणून ठेवल्यासारखं होईल.

चौथी, वेळ. सरकारी आणि सार्वजनिक परिवहनाच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवून मिळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हा केंद्राचा नियम लागू आहे, आणि अशा वाहनाची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच लावावी लागते. म्हणजे बारा आणि पंधरा वर्षांच्या मधला काळ एवढीच आपली संधी. गाडी लिलावाच्या यादीत गेल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

मागणी दोन ठिकाणी करा. स्वारगेटच्या मुख्यालयात पीएमपीच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. दुसरा अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, पिंपरी-चिंचवडमध्येही ही सोय आहे. रॅम्प, वीज, छप्पर यांचा खर्च तिथे सुचवता येतो. एका कामाच्या खर्चाला मर्यादा असते, म्हणून शौचालयासारख्या मोठ्या कामासाठी जवळच्या कंपनीचा सीएसआर निधी आधीच विचारून ठेवा.

भंगाराचे पैसे बुडतील, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पीएमपी तोट्यात आहे. तेव्हा गाडी फुकट मागण्यापेक्षा लिलावात मिळाली असती तेवढी रक्कम महापालिकेने किंवा देणगीदाराने पीएमपीला द्यावी, असं अर्जातच लिहा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना खास विनंती. मांडव, वीज, परवाने आणि वर्गणी यांचा अनुभव तुमच्याइतका कोणाकडे नाही. या वर्षी जवळच्या शेवटच्या थांब्यावर जा, तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना काय हवं ते विचारा आणि त्यांच्या सह्यांसकट एक अर्ज करा. शंभर अर्जांची गरज नाही. जागा, खर्च आणि सांभाळणारा माणूस ठरलेले दहा अर्ज गेले, तरी ते सहजी बाजूला सारता येणार नाहीत.

आपले,
पुण्यातील काही नेहमीचे बसप्रवासी