तिळाची साक्ष

बोडुईन चाचणी हाताने करणाऱ्या प्रयोगशाळा अजून उरल्या आहेत. वितळलेले तूप, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, वर फरफ्युरालचे काही थेंब. दोन मिनिटे जोरात हलवून नळी उभी ठेवायची. आम्लाचा थर गुलाबी झाला, की तुपात वनस्पती, म्हणजे डालडा, आहे. नवी मुले विचारतात, डालड्यात असे काय असते की रंग यावा? डालड्यात मुळात काहीच नसते. रंग येतो तो तिळाच्या तेलामुळे, आणि ते तेल कायद्याने घालायला लावलेले आहे, किमान 5 टक्के.

स्वातंत्र्याच्या आसपास वनस्पतीला रंग द्या, अशी मागणी जोरात होती. खायला निरुपद्रवी आणि तरीही काढून टाकता न येणारा रंग काही मिळेना. तेव्हा साक्षीदारच भेसळीच्या मालात नेऊन बसवला. आपल्या खात्याला क्वचित सुचलेल्या शहाणपणांपैकी हे एक.

आता पनीरकडे वळू. स्किम्ड दुधाची पावडर आणि पाम तेल यांचा पनीरसारखा 'अ‍ॅनालॉग' बनवणे हा गुन्हा नाही. पिशवीवर तसे छापलेले असते, दुकानदार बिल फाडतो, सगळे रीतसर. पिशवी हॉटेलच्या मुदपाकखान्यात फुटते, लेबल कचऱ्यात जाते, आणि मेन्यूकार्डावर 'पनीर बटर मसाला' येतो. मोठ्या साखळी हॉटेलांना आपण पदार्थासमोर कॅलरी लिहायला लावल्या. गिऱ्हाइकाला कॅलरी कळतात, त्या कशाच्या हे कळत नाही.

सापडत नाही असे नाही. साध्या पनीरच्या शुष्कांशात किमान 50 टक्के दुधाचे फॅट हवे. फॅटचा आरएम, म्हणजे रायशर्ट-माइसल अंक, उतरला, की शंका येते. गॅस क्रोमॅटोग्राफवर बीटा-सिटोस्टेरॉल दिसले, की खात्री होते, कारण दुधाच्या फॅटचे स्टेरॉल म्हणजे कोलेस्टेरॉल. पण ते यंत्र तालुक्याला नाही. अहवालाला कायद्याने 14 दिवस आहेत, आणि पनीर तर त्याच रात्री संपते. नुसत्या आरएम आणि बीआर (ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटर) आकड्यांवर विसंबायलाही विदर्भातले विश्लेषक कचरतात. सरकीची पेंड खाणाऱ्या जनावरांच्या शुद्ध तुपातही हे आकडे हलतात.

मग अ‍ॅनालॉगसाठीच्या फॅटमध्येही तीळ तेल सक्तीचे का नसावे? आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. तीळ काहींना सोसत नाही, म्हणून पिशवीवर तो ठळक लिहावा लागेल. शुद्धीकरणात रंग देणारा अंश कमी होतो, म्हणून तेल त्यानंतर मिसळावे लागेल. उत्पादक खर्चाची ओरड करतील. ती वनस्पतीवाल्यांनीही केली असेलच. मेन्यूवर खरे लिहा, असा आदेश काढणे यापेक्षा स्वस्त आहे, पण तो तपासायला पुन्हा तेच यंत्र लागते.

खरी अडचण हळदीची वाटते. ग्रेव्हीतून काढलेले फॅट आम्लात घातले, की हळदच लाल होते. फरफ्युराल घालण्याआधी फॅट आम्लाने रंग यायचा थांबेपर्यंत धुवावे लागेल. तेवढ्यात तिळाचा अंशही धुऊन जातो का, हे पाहिले पाहिजे. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी 5 टक्के तीळ तेल मिसळलेल्या पाम तेलाचा अ‍ॅनालॉग करावा, तळावा, मसाल्यात वीस मिनिटे शिजवावा, मग नळी हलवून पाहावी. निकाल कळवा, गुलाबी असो वा कोरा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.