ट्रक भंगारात गेला, परवाना गेला नाही



कोल्हापूरकडे बैठकीला गेलो की कसबा बावड्याच्या साखर कारखान्याचा विषय निघतोच. संस्थानी काळातली कोल्हापूर शुगर मिल, पुढे सहकारी झाली आणि आज छत्रपती राजाराम कारखाना म्हणून ओळखली जाते. म्हातारी माणसे मग जुन्या ट्रकांच्या गोष्टी सांगू लागतात. बेडफर्ड, फार्गो, डॉज. १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेली टाटा-मर्सिडीज. लांब नाकाची ती गाडी हँडल मारून सुरू करायची, शंभर-शंभर किलोची पोती रचायची, खंबाटकी आणि कात्रजचा घाट पहिल्या गिअरमध्ये चढायचा. चाकामागे दगड लावायला क्लीनर तयारच.

ऐकायला गोड वाटते. साखरच ती! पण कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या आम्हा लोकांना त्या ट्रकचे मॉडेल कोणते होते यात रस नाही. आम्हाला एवढेच विचारायचे आहे, की त्या ट्रकातले पोते कोणाचे होते आणि ते कुठे, कधी, काय भावाने विकायचे हे कोण ठरवत होते?

पोते कोणाचे?

पिकवले शेतकऱ्याने, कारखान्यातही भागभांडवल शेतकऱ्याचेच. मालकी मात्र दिल्लीची. १९६७-६८ पासून शंभर पोत्यांतली साठ पोती लेव्हीची. सरकार ठरवील त्या भावाने ती रेशनच्या दुकानासाठी द्यायची. राहिलेली चाळीस खुल्या बाजाराची म्हणायची, पण तीसुद्धा मोकळी नव्हती. कोणत्या कारखान्याने कोणत्या महिन्यात किती साखर विकायची याचा आदेश दिल्लीहून निघे. आदेश आला तर ट्रक भरायचा, नाही आला तर गोदामाला कुलूप आणि बँकेचे व्याज चालू. लेव्हीतला तोटा कारखाना कुठून भरून काढणार? उसाच्या भावातूनच. म्हणजे शहरातल्या स्वस्त साखरेचे पैसे सरकारने दिले नाहीत, ते उसाच्या फडातून वसूल झाले.

लेव्हीचे प्रमाण पुढे कमी कमी होत गेले आणि २०१३ साली लेव्ही उठली. मधली पंचेचाळीस वर्षे कोणी परत देणार आहे काय?

आपल्या गाडीला सरहद्द

"ऊसवाल्यांचे दुःख आम्हाला कशाला सांगता? त्यांच्याकडे पाणी आहे, कारखाना आहे, मंत्री आहे," असे कोरडवाहू भाऊ म्हणतील. खरे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. कापसाला असा कायदा नाही. पण ज्या दाव्याला ऊसवाला बांधला होता, त्याच दाव्याला आपणही होतो, आणि आपल्याला चाराही मिळाला नाही.

१९६० च्या दशकात ज्वारीची एकाधिकार खरेदी आली, शेतकऱ्यावर लेव्ही बसली. कापसाचा कायदा १९७१ चा, १९७२-७३ पासून एकाधिकार खरेदी. घरचा कापूस राज्याबाहेर नेला तर गुन्हा. पलीकडच्या राज्यात भाव जास्त असला तरी सरहद्दीवर नाका. साखरेचा ट्रक निदान घाट चढून पुण्या-मुंबईला पोचत होता. आपली बैलगाडी नाक्यावरूनच माघारी. ही मक्तेदारी मोडायला २००२ साल उजाडावे लागले.

१९७८ चा दाखला

नियंत्रणवाल्या विद्वानांचा एक आवडता दाखला आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये जनता सरकारने साखर मोकळी केली आणि भाव कोसळले. पहा, शेतकऱ्याला मोकळीक झेपत नाही!

हिशेब आम्ही सांगतो. १९७७-७८ चे साखर उत्पादन सुमारे ६५ लाख टन, तोवरचा उच्चांक. गोदामे तुडुंब भरल्यावर दरवाजा उघडला. धरण काठोकाठ भरेपर्यंत दार बंद ठेवायचे, मग एकदम उघडायचे आणि पूर आला की दाराला दोष द्यायचा, असला हा न्याय. पडत्या भावाने शेतकऱ्याने ऊस कमी केला. १९७९-८० चे उत्पादन ४० लाख टनांच्याही खाली आले आणि साखर महागली. डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण परत आणले. आदेशाच्या कागदावर ऊस उगवत नाही, तो भाव पाहून लावला जातो. शेतकऱ्याला मारले की ग्राहकही मरतो, एवढाच धडा त्यातून निघतो.

आज काय वेगळे आहे?

जुने ट्रक भंगारात गेले. परवाना नाव बदलून हजर आहे. जून २०१८ मध्ये साखरेचा महिन्याचा कोटा परत आला. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत निर्बंध आले. त्या इथेनॉलसाठी कारखान्यांनी कर्ज काढले होते आणि ते फेडायचे ऊसवाल्याच्याच पैशातून.

आणि कापूस? आयातीवर ११ टक्के कर होता. १९ ऑगस्ट २०२५ ला तो उठवला, ३१ डिसेंबरपर्यंत. तारखा नीट पहा. ऑगस्टात आपले पीक पात्या-फुलांवर असते. बियाणे, खत, फवारणी, निंदणी सगळा खर्च होऊन गेलेला असतो. दसऱ्याला वेचणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत गरजवंताचा कापूस विकून होतो. नेमके तेवढेच महिने दार उघडे! साखर महाग झाली की बाहेर जाणारा माल अडवायचा, कापसाला भाव येण्याची शक्यता दिसली की बाहेरचा माल आत घ्यायचा. दिशा उलटी, मार एकाच पाठीवर.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही एकच ठराव मांडत आहोत. पेरणीच्या दिवशी आयात-निर्यातीचे जे नियम असतील, तेच त्या पिकाचा शेवटचा क्विंटल विकेपर्यंत राहिले पाहिजेत. मधे बदलायचे असतील तर फरकाची रक्कम सरकारने शेतकऱ्याच्या खात्यावर भरावी. यात सूट नाही, अनुदान नाही, कर्जमाफीची याचना नाही. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नका, एवढेच म्हणणे आहे.

हा ठराव गावोगाव ग्रामसभेत वाचा. ऊसवाल्यांच्या गावातही न्या आणि त्यांच्याही सह्या घ्या. ऊस विरुद्ध कापूस हे भांडण ज्यांच्या सोयीचे आहे, त्यांना ते यापुढे मिळू देऊ नका.