अनुदान किलोवॅटला की युनिटला?

किलोवॅट आणि युनिट यांतला फरक तुम्ही शाळेत शिकता आणि परीक्षा संपली की बहुधा विसरता. किलोवॅट हे शक्तीचे माप. एक किलोवॅट शक्ती तासभर वापरली की खर्च होणारी ऊर्जा म्हणजे एक युनिट. सरकारी अनुदानाचा विचार करताना हाच फरक मोलाचा ठरतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. तीत गृहनिर्माण सोसायट्यांना जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी गच्चीवर सौर संच बसवल्यास दर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरले. अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या गच्च्या डोळ्यांसमोर आणा. योजना स्वागतार्हच आहे. पण हे पैसे संच बसवल्याचे. पुढे त्याने किती युनिट वीज दिली, याच्याशी अनुदानाचा संबंध नाही.

आणि वीज काही आपोआप मिळत नाही. स्वच्छ, सावली नसलेल्या गच्चीवर एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो. पॅनेलमधले सौर घट एकसर जोडणीत असतात. त्यामुळे टाकीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी वीज त्या प्रमाणाहून पुष्कळच कमी होते. त्यात बांधकामांची धूळ. शिवाय शेजारी उंच इमारत उभी राहिली, की ऊनच जाते!

हा प्रश्न नवा नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मालक कंपन्यांना पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून आयकर वाचवता येई. चक्की किती फिरली, हे त्यात मोजले जात नसे. पुढे डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने दुसरी वाट खुली केली : पवनचक्कीने पुरवलेल्या दर युनिटमागे ५० पैसे.

कोणी म्हणेल, सोसायटीला अडचण पडते ती सुरुवातीच्या खर्चाची. आणि वीजबिल कमी होते, हाच देखभालीचा मोबदला. यात तथ्य आहे. पण सामायिक बिल सर्वांत वाटले जाते, म्हणून त्यावर कोणाचीच नजर नसते. माझ्या मते, अनुदानाचा मोठा भाग आधी द्यावा. उरलेला पहिल्या काही वर्षांत मीटरवर नोंदलेल्या युनिटांनुसार द्यावा.

तोवर एक प्रयोग करा. तुमच्या इमारतीवर संच असेल, तर सेक्रेटरींना विचारून निर्मितीचा मीटर महिनाभर वाचा. युनिटांना किलोवॅटने आणि दिवसांनी भागा. पावसाळ्यात उत्तर कमी येईलच. पण निरभ्र मार्चमध्येही ते चारच्या बरेच खाली असेल, तर कारण गच्चीवर शोधा.